गोठा, चारा, शेत आणि डिग्री: वाचक विचारतात

बारावीचा निकाल आणि सीईटीची गडबड सुरू झाली की या पानाला पत्रं वाढतात, पण यंदा गुरांबद्दलची पत्रं एवढी आली की हा सगळा अंक त्यांनाच दिला. पत्रं थोडी कापली आहेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त तालुका ठेवलाय.

ताई, आमच्याकडे दोन म्हशी आणि पाच गावठी गाई आहेत, लहानपणापासून त्यांच्यातच वाढले. मला व्हेटरनरीला जायचं होतं पण नीटमध्ये मार्क पुरतील असं वाटत नाही. घरचे म्हणतात दापोलीला बीएस्सी ॲग्री कर. पण तिथे जनावरांचं शिकवतात का? की नुसता भात आणि आंबा? (विद्यार्थिनी, लांजा)

शिकवतात गं, पण किती आणि कसं ते आधी समजून घे, नाहीतर दुसऱ्या वर्षाला जाऊन रडत बसशील. हे दोन वेगळे रस्ते आहेत. बीव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकाची डिग्री, साडेपाच वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप, प्रवेश नीटवर, आणि आपल्या कोकणातल्या पोरांना जवळ म्हणजे मुंबईचं परळ, जे १८८६ पासून चालू आहे, नाहीतर साताऱ्याकडचं शिरवळ. ॲग्री चार वर्षांचं, एमएचटी-सीईटीवर, आणि ते घराजवळ दापोलीला, जिथे १९७२ पासून कोकणासाठी वेगळं कृषी विद्यापीठ आहे. ॲग्रीच्या चार वर्षांत माती, पिकं, कीड, रोग, अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण असं सगळं असतं आणि त्यात पशुसंवर्धनाचे पेपर मोजकेच असतात. जनावर हाच मुख्य विषय हवा असेल तर बीएस्सीनंतर पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्रात एमएस्सी करायचं, तो विभाग दापोलीतच आहे.

आता स्वतःला एक प्रश्न विचार आणि खरं उत्तर दे. गाय आजारी पडली, वासरू आडवं आलं, तेव्हा तुला हात घालून ते सोडवावंसं वाटतं का? तसं असेल तर एक वर्ष थांब, पुन्हा नीट दे, कारण ते काम कायद्याने फक्त नोंदणी असलेला पशुवैद्यच करू शकतो आणि ॲग्रीची कितीही मोठी डिग्री घेतलीस तरी ते दार उघडत नाही. पण तुला जर असं वाटत असेल की हीच गाय फेब्रुवारीनंतर का आटते, हिचं वासरू का खुरटतं, पेंढ्याच्या ऐवजी दुसरं काय देता येईल, तर तो अभ्यास ॲग्रीवाल्यांचा आहे आणि कोकणात त्या अभ्यासाची गरज डॉक्टरांच्या इतकीच आहे, मी तर म्हणेन थोडी जास्तच.

एक सांगते, आपल्या त्या पाच गावठी गाई कमी लेखून कॉलेजात जाऊ नकोस. तुझ्या गाई बहुतेक कोकण कपिला असतील. २०१८ मध्ये या जातीची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, त्याआधी वर्षानुवर्षं कागदावर तिला नावच नव्हतं, गावठी म्हणजे कसलीही. अंगाने लहान, खूर टणक, घाटी चढते उतरते, भर पावसात ओल्या वाड्यात उभी राहते आणि टीचभर खाचरातल्या चिखलात जोत ओढते. दूध दोन-तीन लिटर. आता तिच्या शेजारी एखादी एचएफ, म्हणजे होल्स्टीन ही जास्त दुधाची विदेशी गाय बांध, मे महिन्यातल्या दमट उन्हात ती तोंड उघडून धापा टाकायला लागते, गोचीड लागले की थायलेरियाने ताप, खाणं बंद, आणि मग तिच्या पंधरा लिटरचा हिशेब औषधात जातो. संकर वाईट असं मी म्हणत नाही, चारा आणि पाणी आणि डॉक्टर हाताशी असेल त्याने जरूर करावा. पण कुठली गाय कुठल्या घराला परवडते हे मोजून सांगणारा माणूस गावात नसतो आणि तू ते होऊ शकतेस.

दोन्ही रस्त्यांना माझी एकच अट. व्हेटरनरीला गेलीस तर चारा आणि माती शिकून घे, ॲग्रीला गेलीस तर जनावर शिकून घे. कोकणात गोठा आणि शेत हा एकच हिशेब आहे, कॉलेजात मात्र तो दोन बिल्डिंगमध्ये वाटलेला असतो, म्हणून तुझा तुलाच जोडावा लागतो.

मुलगा शेतीचं शिकायचं म्हणतोय. आमची एक एकर भातशेती आणि चार गाई. मी स्वतः आयुष्यभर शेण काढलं, वडिलांनी काढलं. एवढे पैसे घालून शिकवून त्याने परत शेणच काढायचं का? आणि नोकरी लागते का त्यात? (एक पालक, गुहागर)

दादा, तुमचा राग मला कळतो. नोकरीचं आधी सांगते कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. बीएस्सी ॲग्रीनंतर एमपीएससीतून कृषी सेवेत जाता येतं, बँका कृषी अधिकारी घेतात, बियाणं खत पशुखाद्याच्या कंपन्या आणि डेअऱ्या आहेत, पुढे एमएस्सी केलं तर संशोधन आणि शिकवणं. जागा कमी आणि पोरं जास्त, हेही खरं, त्यामुळे डिग्री घेतली की नोकरी ठरलेली असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण शेणाचं तुम्ही म्हणालात ना, तिथे मला थोडं थांबायचंय, कारण शिकलेला मुलगा त्याच शेणाकडे कसा बघेल ते तुमच्याच आकड्यांवर दाखवते. आपली लहान गाय दिवसाला आठ-दहा किलो शेण टाकते. वर्षाला झालं तीन-सव्वातीन टन. त्यातलं नत्र धरलं तर साधारण दहा किलो. तुमच्या चार गाई म्हणजे चाळीस किलो. आणि भाताला विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्र, म्हणजे एकराला तेच चाळीस! कागदावर तुमच्या गोठ्याने तुमचं एकर पोसलं पाहिजे. मग पोसलं का जात नाही?

एक तर शेण उघड्यावर ढीग करून टाकलेलं असतं आणि आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, जूनमध्ये त्या ढिगाखालून जे काळं पाणी ओढ्याकडे जातं तेच तुमचं खत असतं. उन्हाळ्यात तेच नत्र अमोनिया होऊन उडतं, गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतं ते हेच. अर्धअधिक असंच जातं. दुसरं, मूत. चारा बरा असेल तर शेणाइतकंच नत्र मुतात असतं, आणि ते आपल्या वाड्यातून चिऱ्यांच्या फटीतून सरळ जमिनीत मुरतं नाहीतर परसात वाहून जातं, कुणी धरतच नाही. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, गाय नुसत्या पेंढ्यावर असेल तर तिच्या पोटात प्रथिनंच जेमतेम जातात, भाताच्या पेंढ्यात ती तीन-चार टक्के असतात, मग शेणही हलकं आणि मूतही हलकं. जे गव्हाणीत घातलं नाही ते शेतात कुठून येणार.

शिकलेला मुलगा इथे काय करेल? गोठ्यात काजू-आंब्याचा पातेरा (गळलेला सुका पाला) पसरेल म्हणजे मूत त्यात शोषलं जाईल, रोज तो पातेरा शेणासकट खड्ड्यात टाकेल, खड्ड्यावर झापांचं छप्पर घालेल. पेंढ्यावर युरिया प्रक्रिया करेल: १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, तुडवून दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा, मग उघडून वास उडू द्यायचा आणि हळूहळू सवय लावत द्यायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही, आणि युरियाचं पाणी उघडं ठेवायचं नाही, जनावर प्यायलं तर दगावतं. भात कापला की ओलीवर चवळी टाकेल चाऱ्यासाठी, आणि त्यासाठी गावातल्या मोकाट गुरांचा प्रश्न सोडवायला चार घरं एकत्र बसवेल, कारण गडगा एकट्याने घालून परवडत नाही.

तुम्ही म्हणाल युरियाच्या दोन गोणीत चाळीस किलो नत्र येतं आणि गोणी पावणेतीनशेच्या आतच मिळते, एवढा खटाटोप कशाला. बरोबर आहे, नुसतं नत्र मोजलं तर शेण हरतं, त्यातून शेणातलं नत्र पहिल्या वर्षी सगळं लागूही पडत नाही. पण आपली जांभी जमीन आंबट, तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, पाणी टिकत नाही, आणि तिथे शेणखताशिवाय युरियाही नीट लागू पडत नाही. म्हणून तर बागायतदार घाटावरून शेणखताचे ट्रक मागवतात. नारळाला वर्षाला माडामागे ५० किलो शेणखत सांगतात, आणि आपल्या कोकणात गोठे रिकामे होत चाललेत. मुलाला जाऊ द्या दादा, त्याच्या शिकण्याला लागणारी पहिली प्रयोगशाळा तुमच्या घरामागेच आहे. सातबारा आणि बाकीची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा, यंदाच्या माहितीपुस्तिकेत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काय नियम आहे ते फॉर्म भरायच्या आधी वाचा.

मी रावेला, म्हणजे कॉलेजच्या ग्रामीण कार्यानुभवाला, गावात आहे, सातव्या सेमिस्टरला. गाव राब भाजतं, म्हणजे भाताचं रोप करायची जागा शेण-पाला टाकून जाळतं. आम्हाला कॉलेजात शिकवलं की राब म्हणजे पर्यावरणाचं नुकसान. मी बोललो तर एक आजोबा म्हणाले तुझ्या पुस्तकाने तरवा (भाताचं रोप) उगवत नाही. काय बोलू? (विद्यार्थी, रायगड)

आधी ऐक. आजोबांना विचार की राब का भाजता, आणि वहीत लिहून घे. ते सांगतील की गवत उगवत नाही, तरवा जोमाने येतो, आणि उपटायला सोपा जातो, मूळ तुटत नाही. हे तिन्ही खरं आहे. आचेने वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत होते. जूनच्या झडीत तरव्यातलं तण काढत बसायला घरात माणसं नसतात, त्यामुळे राब ही त्यांची मजुरी वाचवायची पद्धत आहे, अडाणीपणा नाही.

आता तुझी बाजू. राबात शेण, कवळ (झाडाच्या तोडलेल्या पाल्याच्या फांद्या), गवत, पातेरा थर लावून जाळतात. म्हणजे वरच्या पत्रात मी ज्या शेणाचा हिशेब केला ते नत्र सगळं धुरात, कर्ब धुरात. आणि कवळासाठी ऐन किंजळाची झाडं दरवर्षी बोडकी होतात. एकीकडे शेणखताला ट्रक आणि दुसरीकडे शेण जाळायचं, हे आता परवडणारं नाही असं माझं मत आहे.

वाद घालू नकोस, दोन वाफे कर. एक आजोबांचा राब, त्यांच्या पद्धतीने, त्यांच्याच हातून. त्याच्या शेजारी तेवढाच गादीवाफा, त्यात कुजलेलं शेणखत आणि गिरणीतून आणलेल्या भाताच्या तुसाची काळी राख. ही राखेची गोष्ट भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतली आहे, तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असतं आणि त्याने रोप ताठ आणि टणक होतं, आणि तूस तसंही गिरणीमागे पडून असतं. बी एकाच दिवशी, एकाच जातीचं, दोन्हीकडे मोजून. मग तण काढायला कुठे किती वेळ लागला, रोप उपटताना किती तुटली, लावणीनंतर फुटवे किती आले, सगळं लिही. तण तुझ्या वाफ्यात जास्त येईल, आधीच सांगते, त्यामुळे पेरणीआधी वाफा एकदा भिजवून तण उगवू दे आणि खणून टाक. रावेचे दिवस हंगामाशी जुळत नसतील तर गावातल्याच एखाद्या घरावर हे सोपवून ये आणि फोनवर विचारत राहा. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावायला सांग, पाला चिखलणीत तुडवता येतो आणि शेळ्यांना सुकवून थोडा थोडा घालता येतो, म्हणजे कवळाचा ताण तेवढा कमी.

रिपोर्टमध्ये आजोबांची कारणंही लिही हां, फक्त तोटे नकोत.

बीएस्सी ॲग्री झालेला माणूस गुरांना इंजेक्शन देऊ शकतो का? आमच्याकडे एक जण देतो. (चिपळूण)

नाही. उपचार हे पशुवैद्यकाचं काम, भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि तो स्पष्ट आहे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी, लाळ्या खुरकूतची वेळापत्रकाप्रमाणे, सरकारी दवाखान्यातून करून घ्या. चुकीचं अँटिबायोटिक अर्धवट दिलं की जनावर तर जातंच, आणि त्याचे अंश दुधातून तुमच्याच पोरांच्या पोटात जातात.

मी थर्ड इयरला आहे, मला शाश्वत पशुपालनात मास्टर्स बाहेर करायचंय, नेदरलँड्सचं वॅगनिंगन डोक्यात आहे. पण मित्र म्हणतात तिथलं शिकून इथे काय उपयोग, तिथल्या गाई वेगळ्या. (विद्यार्थी, सावंतवाडी)

मित्र अर्धे बरोबर आहेत. वॅगनिंगन शेतीच्या शिक्षणात जगात वरच्या नावांत आहे, पशुविज्ञानाचं एमएस्सी दोन वर्षांचं, इंग्रजीत. पण जायच्या आधी त्या देशाचा प्रश्न समजून घे. छोट्याशा देशात गुरं, डुकरं, कोंबड्या इतक्या की शेण जास्त झालं, बाहेरून आणलेलं खाद्य गुरांच्या पोटातून त्यांच्या जमिनीत आणि हवेत नत्र होऊन साचलं, २०१९ मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयाने सरकारची नत्राची परवानगी-पद्धत रद्द केली आणि मग शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. त्यांना नत्र कमी करायचंय, आपल्याला ते धरून ठेवायचंय. विज्ञान तेच, रोख उलटा. हे डोक्यात ठेवून गेलास तर तिथली नत्राचा ताळेबंद मांडायची पद्धत शिकून येशील आणि ती इथे सोन्याच्या मोलाची आहे.

मिथेनचंही तसंच. जगातल्या माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुधनातून येतात असा अंदाज एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, २०१३ मध्ये दिला होता, आणि त्यात रवंथ करणाऱ्यांच्या पोटातल्या मिथेनचा वाटा मोठा. तिकडे गायीच्या खाद्यात काय मिसळावं याचे प्रयोग चालतात. आपली पेंढा खाणारी गाय मिथेन सोडते आणि दूध देते दोन लिटर, त्यामुळे लिटरमागे हिशेब केला की ती वाईट दिसते. पण ती नांगर ओढते, खत देते, भाताचा जो पेंढा माणूस खाऊ शकत नाही तो खाते, हे त्या लिटरच्या हिशेबात कुठेच बसत नाही. हा हिशेब कसा मांडायचा हा एमएस्सीचा उत्तम विषय आहे आणि कोकणातल्या पोराने तो करावा असं मला फार वाटतं.

आणि बाहेर जाण्याआधी घराजवळ बघ. सावंतवाडीहून ओल्ड गोवा कितीसं लांब, तिथे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, पिकं आणि जनावरं एकत्र धरून काम करतात, थर्ड इयरच्या सुट्टीत तिथे काही करता येतं का ते मेल टाकून विचार. चाऱ्यासाठी झाशीची चारा संशोधन संस्था, दुधासाठी कर्नालची एनडीआरआय, म्हणजे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था. आयसीएआरची पीजीची परीक्षा चांगली दिलीस तर अशा संस्थांत फेलोशिप मिळू शकते, मग कर्जाचा भार तेवढा कमी. परदेशाचं स्कॉलरशिपशिवाय ठरवू नकोस, घरच्यांची आंब्याची कलमं गहाण टाकून तर मुळीच नाही.

माझी डिग्री वगैरे काही नाही, वय ३४, मुंबईहून गावी परत आलोय. कन्याळ शेळ्या पाळायच्यात. शिकायचं कुठे? (देवगड)

भाऊ, तुमच्यासाठीही विद्यापीठ आहे, फक्त त्याचं दार कृषी विज्ञान केंद्राचं. सिंधुदुर्गात किर्लोसला आहे, रायगडवाल्यांना रोहा, पालघरवाल्यांना कोसबाड. तिथे शेळीपालनाची लहान प्रशिक्षणं होत असतात, फोन करून तारीख विचारा आणि नाव द्या.

कोकण कन्याळ निवडलीत ते चांगलं केलंत, ही सिंधुदुर्गाचीच जात, काळी, तोंडावर पांढरे पट्टे, आपल्या पावसात तगणारी, मटणासाठी. दहा शेळ्या एकदम बाजारातून आणू नका. बाजारात जमलेल्या जनावरांतून पीपीआर हा शेळ्यांचा साथीचा रोग घरी येतो आणि अख्खा कळप बसतो. ओळखीच्या घरून चार पाठी (तरण्या शेळ्या) आणि दुसऱ्या घरचा एक बोकड घ्या, बोकड त्याच रक्ताचा नको. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या बांधा. पावसाच्या आधी जंताचं औषध आणि आंत्रविषाराची लस डॉक्टरांकडून. भाताच्या खाचरात, जिथे गोगलगाई दिसतात तिथलं पाणथळ गवत चारू नका, त्यातून लिव्हर फ्ल्यूक, म्हणजे यकृतातला चपटा जंत, होतो, जबड्याखाली पाण्याची सूज दिसली तर तोच संशय धरा आणि डॉक्टरला बोलवा.

आणि गोठा बांधताना जमिनीपासून चार फूट उंच माच करा, सुपारीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांची, दोन पट्ट्यांत बोटभर फट. शेळी कोरडी राहते, खूर सडत नाहीत, आणि लेंड्या खाली पडतात त्या थेट खताला. खाली झाडून गोळा करता येईल एवढी उंची ठेवा, पश्चिमेकडून पावसाची झड येते त्या बाजूला झापांचा आडोसा, आणि छपराच्या पागोळ्या लेंड्यांवर पडणार नाहीत असं बघा.